उड्डाणपुलाचा तळ, भुयारी मार्ग आणि स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर: काय मोजता येते आणि निविदेत काय लिहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महानगरपालिकेच्या पूल विभागातील अभियंत्यांना एका जुन्या उड्डाणपुलाच्या गर्डरांची (स्लॅबला आधार देणाऱ्या तुळयांची) व स्लॅबच्या तळाची, तसेच त्याच रस्त्यावरील भुयारी मार्गाच्या भिंतींची पाहणी करायची आहे. पुरवठादाराने स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर (प्रकाशाचे पट्टे टाकून पृष्ठभागाचा आकार मोजणारे यंत्र) सुचवला असून त्याच्या माहितीपत्रकात ‘०.०५ मिलिमीटर अचूकता, एकही तडा सुटणार नाही, परांचीची गरज नाही’ असे म्हटले आहे. यावर कितपत विसंबावे, निविदेत कोणत्या अटी घालाव्यात आणि पहिला स्कॅन केव्हा घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

०.०५ मिलिमीटर हा आकडा खोटाच असेल असे मी म्हणणार नाही. तो बहुधा बंद खोलीत, हाताच्या अंतरावर ठेवलेल्या, एकसारख्या पांढऱ्या वस्तूवर मिळालेला असतो. तुमच्या गर्डरचा तळ जमिनीपासून पाच-सहा मीटर उंच आहे, त्याचा रंग जागोजागी वेगळा आहे, त्यावर ओलीचे ओघळ आहेत आणि वरून बसगाड्या जात आहेत. या दोन परिस्थितींमधला फरक नीट समजून घेतला की निविदेतल्या निम्म्या अटी आपोआप सुचतात. मात्र त्याआधी एक मूळ गोष्ट मान्य करावी लागते: ही पद्धत पृष्ठभागाचा आकार मोजते, आणि बारीक तड्यामुळे आकारात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ज्या दोषामुळे पृष्ठभाग फुगतो, खचतो, सरकतो किंवा झिजतो, तेथे या पद्धतीला तोड नाही. ज्या दोषामुळे नुसती एक रेघ उमटते, तेथे चांगला कॅमेरा आणि तिरपा धरलेला दिवा कमी पैशांत जास्त काम करतात.

तत्त्व सोपे आहे. खिडकीच्या गजांची सरळ सावली पायऱ्यांवर पडली की प्रत्येक पायरीच्या कडेला ती मोडते, आणि किती मोडली यावरून पायरीची उंची काढता येते. स्कॅनरमध्ये गजांच्या जागी प्रोजेक्टर असतो, तो ज्ञात पट्टे पृष्ठभागावर टाकतो. त्याच्यापासून ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात बसवलेला कॅमेरा ते वाकलेले पट्टे टिपतो. दोन कोन आणि मधला पाया, म्हणजे प्रोजेक्टर व कॅमेरा यांच्यातले अंतर, माहीत असल्यामुळे प्रत्येक बिंदूचे स्थान त्रिकोणमितीने मिळते. आयफोनमधील फेस आयडी चेहऱ्यावर ३०,००० हून अधिक अवरक्त ठिपके टाकून हेच करते. २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमध्येही अवरक्त ठिपक्यांची अशीच नक्षी होती. तो स्वस्त असल्यामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याने रस्त्यावरचे खड्डे मोजून पाहिले, आणि उन्हात तो आंधळा होतो हेही तेव्हाच सर्वांच्या लक्षात आले.

बांधकामाच्या पाहणीसाठी ठिपक्यांपेक्षा पट्टे अधिक उपयोगी पडतात. उजेड-अंधार हळूहळू बदलणारे, लाटेसारखे पट्टे टाकायचे आणि दर वेळी ते पाव लाटेने पुढे सरकवत चार छायाचित्रे घ्यायची. पहिल्यातून तिसरे व चौथ्यातून दुसरे वजा केले, की दोन्ही वजाबाक्यांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक पिक्सेलवर लाटेची कला, म्हणजे फेज, मिळते. वजाबाकीत आजूबाजूचा स्थिर उजेड आणि गुणोत्तरात पृष्ठभागाचा मूळ रंग गळून पडतो, म्हणूनच ही रीत इतकी लोकप्रिय झाली. अडचण एवढीच, की प्रत्येक लाटेनंतर कला पुन्हा शून्यावर येते; कोणता पट्टा कितवा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ग्रे कोडच्या, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वेगळा सांकेतिक क्रमांक देणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या चित्रांची मालिका टाकतात (दहा चित्रांत १,०२४ पट्टे वेगळे ओळखता येतात), किंवा वेगवेगळ्या रुंदीच्या लाटा वापरतात. म्हणजे एका चौकटीसाठी (एका वेळी स्कॅन होणाऱ्या भागासाठी) दहा-पंधरा छायाचित्रे लागतात, आणि तेवढा वेळ स्कॅनर व पृष्ठभाग दोघांनीही हलायचे नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण उड्डाणपूल हलतो.

आता अंतराचा हिशेब. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्यात ५० सेंटिमीटर पाया आहे, लेन्सचे नाभीय अंतर पिक्सेलांत मोजल्यास ४,००० भरते आणि पट्ट्याची जागा पिक्सेलच्या विसाव्या भागापर्यंत ओळखता येते, असे धरा. हे बऱ्यापैकी चांगले यंत्र झाले. पृष्ठभाग २ मीटरवर असेल तर खोलीतला बारीकात बारीक ओळखता येणारा फरक ०.१ मिलिमीटर येतो. तोच पृष्ठभाग ६ मीटरवर नेला की ०.९ मिलिमीटर, आणि १० मीटरवर २.५ मिलिमीटर. अंतर तिप्पट झाले की चूक नऊपट होते. हा भूमितीचा नियम आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने तो मोडत नाही. त्यामुळे ‘परांचीची गरज नाही’ आणि ‘०.०५ मिलिमीटर’ हे दोन्ही दावे एकाच पत्रकात एकत्र नांदू शकत नाहीत. जमिनीवरून गर्डरचा तळ स्कॅन करायचा असेल तर मिलिमीटरभर चुकीची तयारी ठेवा. त्याहून बारीक हवे असेल तर स्कॅनर बूम-लिफ्टवर किंवा ब्रिज इन्स्पेक्शन युनिटच्या (पुलाखाली माणसे नेणाऱ्या गाडीच्या) बादलीत घालून दीड-दोन मीटरपर्यंत न्यावाच लागेल.

याच हिशेबात तड्यांचे उत्तरही दडलेले आहे. २ मीटरवर एका पिक्सेलमध्ये ०.५ मिलिमीटर पृष्ठभाग येतो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात संकल्पनासाठी तड्याच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे, सतत ओलीशी किंवा मातीशी संपर्क असलेल्या भागांसाठी ०.२ आणि तीव्र परिसरासाठी ०.१ मिलिमीटर. म्हणजे ज्या तड्याची आपल्याला काळजी आहे, तो एका पिक्सेलहूनही अरुंद आहे. त्याची खोली मोजण्याचा तर प्रश्नच येत नाही. कॅमेरा समोरून पाहत असेल आणि प्रोजेक्टरचा प्रकाश वरील मांडणीप्रमाणे सुमारे १४ अंशांनी तिरपा येत असेल, तर ०.३ मिलिमीटर रुंदीच्या फटीत तो फार तर १.२ मिलिमीटर आत पोचतो आणि मग भिंतीवर आदळतो. स्कॅनरच्या नकाशात असा तडा एखादी अस्पष्ट खाच किंवा माहिती नसलेल्या बिंदूंची ओळ म्हणून दिसतो. तडा आहे एवढे कधीकधी कळते, तो ०.२ चा आहे की ०.४ चा, हे कळत नाही, आणि तुमच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तर नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. तड्याची रुंदी मोजायची असल्यास एका पिक्सेलमध्ये ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल इतके जवळून साधे छायाचित्र घ्या, आणि प्रातिनिधिक जागी क्रॅक गेजची पारदर्शक पट्टी लावून ताळा करा.

मग हे यंत्र घ्यायचे कशासाठी? तुमच्या उड्डाणपुलाचे मुख्य दुखणे बहुधा तडे नसून सुटत चाललेले कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, हे असेल. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. त्या दाबाने कव्हरचे काँक्रीट आतून सुटते, आणि ढलपी खाली पडण्याआधी पृष्ठभाग मिलिमीटर-दोन मिलिमीटर फुगतो. खालून उभ्याने पाहणाऱ्या माणसाला हा फुगवटा दिसत नाही, छायाचित्रातही दिसत नाही. पण गर्डरच्या तळाशी एक आदर्श सपाट पृष्ठभाग जुळवून त्याच्यापासूनचे अंतर रंगांत दाखवले, की सळईच्या ओळीने धावणारा लांबट उंचवटा स्पष्ट उठून दिसतो. ढलपी पडून गेलेली असेल तर तिचे क्षेत्रफळ, सर्वांत जास्त खोली आणि भरावयाच्या दुरुस्ती-मॉर्टरचे घनफळ थेट मिळते, आणि ठेकेदाराच्या बिलाशी ते ताडून पाहता येते. अर्थात, काँक्रीट सुटले आहे पण अजून फुगलेले नाही अशा जागा स्कॅनरला दिसत नाहीत. तेथे हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकण्याला पर्याय नाही, आणि मला विचाराल तर स्कॅनरच्या बादलीत हातोडी घेतलेला एक अनुभवी माणूस असलाच पाहिजे.

भुयारी मार्ग हे या पद्धतीचे खरे माहेरघर आहे: अंतर कमी, भिंती स्थिर आणि उजेड आपल्या हातात. मेट्रोच्या बोगद्यात सेगमेंटच्या (अस्तराच्या तयार काँक्रीट तुकड्यांच्या) दोन कडांमधली पायरी, सांध्याजवळ तुटलेले कोपरे, किंवा जुन्या रेल्वे बोगद्यात शॉटक्रीटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) सुटलेला थर, हे सारे काही मिलिमीटरांचे आणि आकाराचे प्रश्न आहेत. कोकण रेल्वेवरच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी मात्र चौकटी घेत थांबत-थांबत जाणे परवडत नाही. तेथे चालत्या गाडीवरून लेझरची एकच रेषा टाकून कापाकापाने छेद घ्यावे लागतात.

तेच रस्त्यांचे. गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर एका मिलिसेकंदात ती २२ मिलिमीटर पुढे सरकते. दहा छायाचित्रे स्थिर घेण्याची कल्पनाच सोडून द्यावी लागते. म्हणून रस्त्याच्या रुंदीवर एक आडवी लेझर रेषा टाकून सेकंदाला हजारो वेळा तिचा छेद टिपतात. कॅनडातील क्वेबेकच्या पेव्हमेट्रिक्स कंपनीची एलसीएमएस ही यातली सर्वांत प्रसिद्ध यंत्रणा. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नेटवर्क सर्व्हे व्हेईकलवरही लेझरवर आधारित अशीच व्यवस्था असते. सेकंदाला २८,००० छेद मिळाले तर त्या वेगात दोन छेदांमधले अंतर ०.८ मिलिमीटर पडते. ५,६०० मिळाले तर ४ मिलिमीटर, आणि मग आडवे बारीक तडे दोन छेदांच्या मधून निसटतात. डांबरी रस्त्यावर चाकोरीची खोली, आणि काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर येणाऱ्या सांध्यांमधली पायरी, या दोन्ही गोष्टी या पद्धतीने जितक्या विश्वासार्हपणे मिळतात तितक्या माणसाच्या डोळ्याला कधीच मिळत नाहीत. पावसाळ्यात मात्र ही गाडी बाहेर काढू नये. खड्ड्यात पाणी साचले असेल तर लेझर रेषा एक तर पाण्यावरून आरशासारखी परावर्तित होऊन नाहीशी होते, किंवा गढूळ पाण्याची वरची पातळीच खड्ड्याचा तळ म्हणून नोंदली जाते. सर्वांत खोल खड्डा अहवालात सर्वांत सपाट दिसतो.

तुमच्या कामाकडे परत येतो. पहिला शत्रू ऊन. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर बाय दीड मीटरची चौकट उजळत असेल तर तेथे सुमारे १,००० लक्स प्रकाश पडतो. भर दुपारचे ऊन १,००,००० लक्सच्या घरात असते, आणि पुलाच्या सावलीतही दिवसा काही हजार लक्स असू शकतात. वर म्हटले तसे वजाबाकीत स्थिर उजेड गळून पडतो. पण त्या उजेडासोबत आलेला यादृच्छिक गोंगाट गळत नाही, शिवाय कॅमेऱ्याचे पिक्सेल उन्हानेच भरून गेल्यावर पट्ट्यांना जागाच उरत नाही. एका ठरावीक रंगाचा लेझर आणि कॅमेऱ्यापुढे फक्त तोच रंग आत सोडणारा फिल्टर, असा उपाय रेषेच्या यंत्रणांत चांगला चालतो. पूर्ण चौकटीच्या स्कॅनरसाठी व्यवहारी उपाय एकच: रात्री काम करा. वाहतुकीचा ब्लॉकही रात्रीच मिळतो. फक्त पट्ट्यांची उघडझाप खालून येणाऱ्या वाहनचालकांच्या डोळ्यांवर जाणार नाही, याची व्यवस्था वाहतूक पोलिसांशी बोलून आधीच करावी.

रात्रीचाही एक चकवा आहे, आणि भुयारी मार्गात तो हमखास भेटतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण चार छायाचित्रांपैकी प्रत्येकात पार्श्वभूमीचा उजेड थोडा वेगळा पडतो आणि वजाबाकीचे गणित बिघडते. मग सपाट भिंतीवर नियमित लाटा उमटतात. या लाटांची रुंदी प्रोजेक्टरच्या पट्ट्यांच्या रुंदीशी नेमकी जुळते. तशी ती जुळली की समजावे, भिंत वाकडी नाही, दिवे वाकडे आहेत. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला, म्हणजे १०, २० किंवा ३०, तर हा दोष जातो. शक्य असल्यास तेवढा वेळ दिवे बंद करणे उत्तम. प्रोजेक्टरचा उजेड त्याला दिलेल्या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नसेल, तर अशाच पण आणखी बारीक लाटा येतात; त्या दिवे बंद करूनही जात नाहीत, तेव्हा दोष यंत्राच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मापाच्या जुळवणीत, शोधावा.

दुसरा चकवा रंगाचा. उड्डाणपुलाच्या खांबांवर जाहिराती रंगवलेल्या असतात, भुयारी मार्गाच्या भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या असतात. गडद आणि फिकट रंगाच्या सीमेवर कॅमेऱ्याचा एकच पिक्सेल दोन्हीकडचा प्रकाश एकत्र घेतो, आणि त्याला मिळणारी कला उजळ बाजूकडे ओढली जाते. परिणामी पांढऱ्या भिंतीवर काळ्या रंगात लिहिलेला शिकवणीवर्गाचा फोन नंबर स्कॅनमध्ये कोरून काढल्यासारखा दिसतो: अक्षराच्या एका कडेला बारीक उंचवटा, दुसऱ्या कडेला तितकीच खाच. फुगवट्यांची यादी करताना अशी जोडी दिसली की ती बाजूला काढावी. शेवाळाने काळा पडलेला भाग आणि चुन्याचे पांढरे ओघळ शेजारी-शेजारी असतील तर एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही टिपणे शक्य नसते, दोन किंवा तीन एक्स्पोजर घ्यावेच लागतात. ओला भाग सर्वांत वाईट. तो चमकतो आणि भलतीकडचा प्रकाश कॅमेऱ्यात पाठवतो.

आणि पूल हलतो. साधारण ३० मीटर गाळ्याचा (दोन खांबांमधल्या अंतराचा) गर्डर जड वाहन जाताना सेकंदाला तीन-चार वेळा वरखाली होतो. जमिनीवर ठेवलेल्या स्कॅनरने दहा छायाचित्रांसाठी पाव सेकंद घेतला, तर तेवढ्यात गर्डरचे जवळजवळ एक पूर्ण आंदोलन होऊन जाते आणि पुन्हा त्याच लाटा दिसतात. इन्स्पेक्शन युनिटची बादली पुलाबरोबरच हलत असल्यामुळे परिस्थिती थोडी सुधारते, पण ती वाऱ्याने झुलते. जड वाहने थांबवून ठेवणे आणि प्रत्येक चौकट लागोपाठ दोनदा घेऊन दोन्ही जुळतात का हे जागेवरच पाहणे, एवढे केले तरी बहुतेक वाया गेलेल्या चौकटी तेथल्या तेथे पकडल्या जातात. घरी येऊन कळले तर ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

कॅलिब्रेशनबद्दल पुरवठादार फारसे बोलत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्यातला कोन ०.१ मिलिरेडियनने, म्हणजे अंशाच्या सुमारे १७५व्या भागाने बदलला, तर वरच्या उदाहरणात २ मीटरवर ०.८ मिलिमीटरची चूक येते. एवढा बदल व्हायला स्कॅनर टेम्पोतून खडबडीत रस्त्याने आणणे किंवा वातानुकूलित गाडीतून एकदम मे महिन्याच्या हवेत काढणे पुरेसे आहे. सुदैवाने ही चूक साऱ्या चौकटीवर सारखी पसरते. त्यामुळे एकाच चौकटीतली ढलपीची खोली फारशी बिघडत नाही. पण दोन वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन स्कॅन एकमेकांवर ठेवून ‘फुगवटा वाढला का’ असे विचारायचे असेल, तर हीच चूक वाढ म्हणून दिसते. म्हणून जागेवर पोचल्यावर यंत्र अर्धा-पाऊण तास चालू ठेवून त्याचे तापमान स्थिर होऊ द्यावे आणि कामाच्या सुरुवातीला व शेवटी, दोन्ही वेळा, ज्ञात लांबीची गोळ्यांची दांडी व सपाट पाटी स्कॅन करून नोंद ठेवावी. अशा तपासणीची रीत जर्मनीच्या व्हीडीआय/व्हीडीई २६३४ या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या भागात आणि आयएसओ १०३६०-१३:२०२१ या मानकात दिलेली आहे. निविदेत त्यांचा उल्लेख केला की फार स्पष्टीकरण लिहावे लागत नाही.

निविदेत ‘अचूकता’ एवढा एकच शब्द लिहून थांबू नका. दोन बिंदूंमधले अंतर, खोलीतला ओळखता येणारा किमान फरक, आणि ज्ञात मापापासून होणारी चूक, हे तीन वेगळे आकडे वेगवेगळे मागा, आणि प्रत्येकासोबत ‘किती अंतरावरून’ हे लिहून घ्या. त्याहून महत्त्वाची अट म्हणजे जागेवरची चाचणी. काँक्रीटची एक लादी घ्या, तिच्यावर ०.२, ०.५, १ आणि २ मिलिमीटर रुंदीच्या खाचा आणि ०.५ पासून ५ मिलिमीटरपर्यंतच्या पायऱ्या कोणत्याही चांगल्या कारखान्यातून कापून घ्या, ती पुलाखाली प्रत्यक्ष कामाच्या उंचीवर टांगा, आणि पुरवठादाराला रात्री त्याच्या नेहमीच्या वेगाने स्कॅन करायला सांगा. शिवाय पुलाचा एक गाळा तुमच्या माणसांनी हातोडी आणि क्रॅक गेज घेऊन आधी तपासून ठेवावा, त्याचा निकाल पाकिटात बंद करावा, आणि स्कॅनचा अहवाल आल्यावर दोन्ही ताडून पाहावेत. सुटलेले दोष किती आणि नसताना दाखवलेले किती, हे दोन्ही मोजा. फक्त पहिलाच आकडा मागितला तर पुरवठादार प्रत्येक डागाला दोष म्हणून मोकळा होतो.

हे सॉफ्टवेअरच्या बाबतीत विशेष खरे आहे. आता बहुतेक ठिकाणी दोष ओळखण्याचे काम शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडे असते, आणि ते ज्या भिंतींवर शिकले त्या भिंती आपल्या नसतात. शटरिंगच्या फळ्यांच्या सांध्यांचे ठसे, कोळ्याची जाळी, लोंबकळणाऱ्या केबल आणि रंगाच्या ओघळांच्या कडा यांना ते बिनदिक्कत तडा म्हणते. येथे मात्र स्ट्रक्चर्ड लाइटचा एक मोठा फायदा आहे, जो माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेला असतो. त्याच कॅमेऱ्यातून छायाचित्र आणि उंची, दोन्ही एकाच पिक्सेलवर मिळतात. छायाचित्रात रेघ आहे पण ती पृष्ठभागापासून दोन-चार सेंटिमीटर पुढे आहे, तर ती केबल. रेघेच्या एका बाजूचा पृष्ठभाग दुसऱ्या बाजूपेक्षा सलगपणे पुढे आलेला आहे आणि सीमा अगदी सरळ आहे, तर तो शटरिंगचा सांधा. माझ्या मते तडे ‘शोधण्या’पेक्षा तडे नसलेल्या गोष्टी गाळण्यासाठी या उंचीचा उपयोग जास्त होतो.

सारा पूल स्कॅन करण्याच्या मोहात पडू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीने एका चौरस मीटरचे ४० लाख बिंदू होतात. फक्त तीन निर्देशांक साठवले तरी ४८ मेगाबाइट. ५०० मीटर लांब आणि १७ मीटर रुंद पुलाचा तळ म्हणजे ८,५०० चौरस मीटर, सुमारे ४०० गिगाबाइट, तेही मूळ छायाचित्रे धरल्याशिवाय. साठवणे अवघड नाही. पाहणार कोण, हा प्रश्न आहे. आधी ड्रोनने किंवा बादलीतून साध्या छायाचित्रांचा पूर्ण नकाशा करावा, त्यावरून आणि हातोडीवरून संशयित जागा ठरवाव्यात, आणि स्कॅनर तेथेच न्यावा. प्रत्येक चौकटीच्या आसपास किमान चार कायमच्या स्टेनलेस स्टीलच्या खुणा बसवाव्यात, नाहीतर दोन वर्षांनी ‘तीच जागा’ सापडत नाही; पुलाच्या तळाशी जीपीएसचा भरवसा धरू नये, भुयारी मार्गात तर ते नसतेच. निविदेत मूळ छायाचित्रे आणि कॅलिब्रेशनची फाइल महानगरपालिकेच्या मालकीची राहील असेही लिहा. नुसता रंगीत पीडीएफ मिळाला तर पुढच्या वेळी दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्याची वाट बंद होते.

पृष्ठभागाच्या आत काय चालले आहे हे मात्र यातले काहीही सांगत नाही. काँक्रीटच्या दर्जासाठी अल्ट्रासोनिक पल्स, सळईच्या गंजाच्या शक्यतेसाठी हाफ-सेल, खोलवरच्या पोकळीसाठी ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार या चाचण्या आपापल्या जागी राहतातच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हापासून पुलांच्या पाहणीसाठी नवी यंत्रे घेण्याचा उत्साह वाढला, तो योग्यच आहे. पण पुरात पायाखालची माती खरवडून जाणे हा नदीवरच्या पुलांचा सर्वांत मोठा धोका असतो, आणि गढूळ पाण्याखाली प्रकाशाची कोणतीही पद्धत पोचत नाही. तुमचा पूल रस्त्यावरचा असल्यामुळे तो प्रश्न येथे नाही. तुमच्याकडे एक्स्पान्शन जॉइंटमधून (प्रसरणासाठी सोडलेल्या फटीतून) झिरपणारे पाणी आणि त्याखालची बेअरिंगे (गर्डर ज्यांवर टेकतात ते आधार) यांकडे आधी पाहा. बेअरिंगची जागा अरुंद असते आणि तेथे हा स्कॅनर शिरत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन माणसालाच जावे लागते.

पहिला स्कॅन केव्हा घ्यावा, असेही आपण विचारले आहे. पावसाळा संपल्यावर लगेच नको; ओल उतरायला वेळ द्या. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्री उत्तम, आणि पहाटेच्या सुमारास तापमान सर्वांत स्थिर असते. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या एक लक्षांश भागाने प्रसरण पावते, म्हणजे ३० मीटरच्या गाळ्यात १५ अंशांच्या फरकाने साडेचार मिलिमीटर. दुपारच्या स्कॅनची पहाटेच्या स्कॅनशी तुलना केली तर जॉइंटजवळचा प्रत्येक बिंदू ‘सरकलेला’ निघेल. त्यामुळे गर्डरच्या पृष्ठभागाचे तापमान प्रत्येक चौकटीसोबत नोंदवणे ही अट निविदेत घाला, आणि पुढचा स्कॅन त्याच ऋतूत, त्याच प्रहरी घ्या.